बहात्तर दिवस

लिफाफ्याच्या कोपऱ्यात बुरुजाचं चित्र होतं. बिल्कीसने तो फोडला नव्हता. सकाळी कंपनीच्या टपालातून तो घरी आला तेव्हापासून तिने तो साखरेच्या डब्याला टेकवून उभा ठेवला होता आणि येता-जाता त्याच्याकडे बघत होती. यूसुफ तांडेल साडेतीनला कुवेतच्या शुवैख बंदरावरून घरी आला, कोपरापर्यंत हात धुतले आणि मुलाला म्हणाला, "वाच."

अशरफची दहावीची परीक्षा संपून आठवडाच झाला होता. पत्र इंग्रजीत होतं. एक ओळ वाचायची आणि तिचा अर्थ मराठीत सांगायचा, असं तो करत होता, पण आवाज काही त्याच्या ताब्यात राहत नव्हता. साताऱ्याकडच्या डोंगरातल्या गिरिदुर्ग सैनिकी अकादमीने त्याचा अर्ज निवडला होता. तिथे अकरावीला घेतलेली मुलं पुढे फौजेत अफसर होण्याच्या परीक्षेला बसत. साडेपाचशे अर्जांतून साठ मुलांना बोलावणं गेलं होतं. तेरा आणि चौदा एप्रिल १९८५, शनिवार-रविवार, दोन दिवस अकादमीत राहायला यायचं. सोबत एक पालक. शनिवारी सकाळी नऊच्या आत फाटकावर हजर व्हायचं. मुलांनी कॅडेटांच्या बराकीत झोपायचं, त्यांच्याबरोबर धावायचं, दोर चढायचा, पोहायचं, आणि तीन अफसरांसमोर बसून बोलायचं. त्या दोन दिवसांत तीस नावं ठरणार होती. दुसरी तारीख मिळणार नव्हती.

"आणि रविवारी दुपारी पालकांनी कॅडेटांच्या मेसमध्ये, अफसरांबरोबर एकाच बाकावर बसून जेवायचं," अशरफ म्हणाला.

यूसुफने ती ओळ पुन्हा वाचायला लावली. त्याचा आजा बोटीवर खलाशी होता, बाप खलाशांवरचा सारंग होता, आणि तो स्वतः एकोणीस वर्षं या बंदरात, आता मुकादम. अफसरांच्या पंगतीला घरातलं कुणी कधी बसलं नव्हतं. बिल्कीसने तोवर शिऱ्यासाठी रवा काढलासुद्धा.

मग अशरफ शेवटच्या परिच्छेदाला आला. फाटकावर मुलाचा पासपोर्ट दाखवायचा, नाहीतर मुलाचं नाव ज्यावर चढवलेलं आहे तो पालकाचा पासपोर्ट. त्यातली जन्मतारीख अर्जातल्या तारखेशी जुळली पाहिजे. एक जुलैला मुलाला सोळा वर्षं पूर्ण झालेली नसावीत. यात फरक आढळला तर मुलाला फाटकावरूनच परत पाठवलं जाईल.

अशरफने पत्राची घडी घातली. यूसुफने बशीत ओतलेला चहा मात्र तसाच राहिला. त्याने बिल्कीसकडे बघितलं. ती रवा भाजता भाजता थांबली होती.

अशरफचा जन्म बारा ऑगस्ट १९६९ चा, श्रीवर्धनजवळच्या खाडीकाठच्या गावातला. यूसुफ तेव्हा कुवेतमध्येच होता. मोठ्या भावाने निळं हवाई पत्र पाठवलं होतं, आणि ते यूसुफला वाचता येत नव्हतं. वाचून दाखवणारा माणूस सुट्टीवर होता. दोन दिवस ते पत्र त्याने सदऱ्याच्या खिशात बाळगलं. त्यात मुलगा झाल्याचं आहे की कुणी गेल्याचं आहे, हेही त्याला ठाऊक नव्हतं. त्या दोन दिवसांची त्याला इतकी लाज वाटली की पस्तिशी उलटल्यावर तो अक्षरं शिकायला बसला. वर्षभराने त्याने स्वतःच्या डोळ्यांनी जे पहिलं पत्र वाचलं ते हेच. अजून ते पत्र्याच्या ट्रंकेत तळाशी होतं.

पण पंचाहत्तर साली, बिल्कीस आणि अशरफ कुवेतला आले तेव्हा, शाळेत पहिलीला एकच जागा शिल्लक होती आणि एक जूनला सहा वर्षं पूर्ण लागत होती. अशरफला बहात्तर दिवस कमी पडत होते. शहरातल्या मुरगाब भागात जिन्याखाली टाइपरायटर घेऊन बसणारा उस्मान परकार, गावाकडच्या नात्यातलाच, तेव्हा म्हणाला होता की एवढ्यासाठी पोराचं वर्ष कशाला घालवता, आपल्याकडे अर्ध्या मुलुखाचा जन्म एक जूनचा असतो. आणि ते खरंच होतं. गावच्या मास्तरांनी वर्षानुवर्षं ज्याची तारीख माहीत नाही त्याला एक जून लावून दिला होता. उस्मानने प्रतिज्ञापत्र टाइप केलं, यूसुफने खाली सही केली, आणि वकिलातीत त्याच्या पासपोर्टावर मुलाचं नाव चढलं, पुढे शाईने तारीख: 1.6.69. शाळेतही तीच लागली. अशरफच्या वर्गात अकरा मुलं एक जूनची होती, आणि मास्तर त्या दिवशी सगळ्यांना मिळून एकच लिमलेटची पुडी वाटत.

अकादमीच्या अर्जाला ग्रामपंचायतीचा जन्मदाखला लागला तेव्हा भावाने तो गावाहून पाठवला. त्यात अर्थातच बारा ऑगस्ट होता. अशरफने विचारलं होतं, यात वेगळी तारीख कशी. यूसुफ म्हणाला होता, हीच खरी, हीच लिही. पासपोर्टाची आठवण तेव्हा त्याला झालीच नाही. तो पासपोर्ट इतरांच्या पासपोर्टांसारखा कंपनीच्या तिजोरीत असे. आणि दहा वर्षं कुणी हटकलं नाही की माणसाला तो खोटेपणा खोटा वाटेनासाच होतो.

खऱ्या तारखेने अशरफ येत्या एक जुलैला पंधराचाच असणार होता. पासपोर्टाच्या तारखेने सोळा उलटून एक महिना झालेला असणार होता.

त्या संध्याकाळी दोघांनी मुलाला काही सांगितलं नाही. शिरा खाल्ला. अशरफ दाराच्या चौकटीला लोंबकळून अंग किती वेळा वर खेचता येतं ते मोजत होता.

रविवारी यूसुफने कंपनीत अर्ज दिला, मुलाच्या शाळेचं काम म्हणून. मंगळवारी दुपारी पासपोर्ट हातात मिळाला. बसमध्ये त्याने तो उघडला आणि त्या चार आकड्यांकडे बघत मुरगाबपर्यंत गेला.

उस्मानने चष्मा कपाळावर चढवून पान उजेडात धरलं, आणि हसला.

"तांडेल, तुझं नशीब बघ. त्या कारकुनाने आकडे किती ऐसपैस लिहिलेत. एकाच्या पुढे एक दोन घातला की बारा झाले. सहाचं वरचं तोंड मिटवलं की आठ. बारा आठ एकोणसत्तर."

यूसुफ म्हणाला की हे सरकारी पुस्तक आहे.

"आणि त्यात लिहिलंय ते काय आहे? ते मीच टाइप केलं होतं, म्हणून सांगतो. आजवर त्यात खोटं होतं, उद्यापासून खरं होईल. लोक खऱ्याचं खोटं करायला येतात माझ्याकडे. तू पहिलाच उलटा आलास."

त्याने खणातून तीन दौती काढल्या आणि एका चिठोऱ्यावर तिन्हींचे ठिपके काढून पासपोर्टाच्या पानाशेजारी धरले. मधला ठिपका हुबेहूब जुळला. दुसरा रस्ता काय, असं यूसुफने विचारलं. उस्मानने तोही सांगितला. वकिलातीत जायचं, दहा वर्षांपूर्वी खोटं प्रतिज्ञापत्र दिलं म्हणून कबूल करायचं, पासपोर्ट त्यांच्या टेबलावर ठेवायचा आणि चौकशी कधी संपेल त्याची वाट बघायची. पासपोर्ट गेला की कंपनी काय करेल ते कंपनी ठरवेल. बोलावणं तेरा तारखेचं आहे हे त्यांना कुठे माहीत असणार.

"ठेवून जा," उस्मान म्हणाला. "असलं काम हात स्थिर असताना करायचं असतं. शुक्रवारी घरी येऊन घेऊन जा."

यूसुफ ठेवून गेला.

बुधवारी रात्रीच्या जेवणाला त्याने बिल्कीसला सांगितलं, अर्धंमुर्धं. तिने एवढंच विचारलं की दिसणार नाय ना. तो म्हणाला, नाय दिसणार. अशरफ ताटावर मान घालून जेवत होता. तो ऐकतोय हे दोघांनाही कळत होतं.

गुरुवारी सकाळी यूसुफ ड्यूटीवर निघाला तेव्हा अशरफ दारात बसून बुटांना पॉलिश करत होता. अकादमीसाठी घेतलेले नवे काळे बूट, अजून पायात न घातलेले.

"अब्बा, फाटकावर त्यांनी विचारलं की हे आकडे कुणी लिहिले, तर मी काय सांगू?"

"नाय विचारणार."

"पण विचारलं तर?"

"सांग, वकिलातीत लिहिले."

अशरफने मान हलवली. बुटाच्या टाचेवर ब्रश दोनदा फिरवला. "म्हणजे आत पाऊल टाकायच्या आधीच खोटं बोलायचं," तो म्हणाला. रागाने नाही. वेळापत्रकात काय काय आहे ते समजून घ्यावं तसं. मग त्याने दुसरा बूट घेतला.

त्या दिवशी बंदरात लोखंडी पाइपांनी भरलेलं जहाज होतं. डेकवर रचलेले पाइप साखळ्यांनी आवळायचे, म्हणजे भर समुद्रात जहाज कललं तरी माल हलता कामा नये. हे यूसुफच्या टोळीचं काम, आणि त्याची एक रीत सगळ्या बंदराला माहीत होती. शेवटच्या साखळीपर्यंत प्रत्येक कडीला स्वतः हात लावल्याशिवाय तो काम संपलं म्हणत नसे. वरून ताठ दिसणाऱ्या साखळीच्या कडीतली खीळ नीट बसलेली नसेल तर तो ती अख्खी साखळी सोडायला लावी. माल बघणारा जहाजावरचा मेट शिव्या देई, टोळी कुरकुरे, तो ऐकत नसे.

अकराच्या सुमाराला पाचव्या ओळीत त्याला अशी एक कडी सापडली. वरून रंग मारलेला, साखळी ताठ. बोट घातलं तर खीळ अर्धीच आत.

"सोड ही," तो म्हणाला.

त्याच्या हाताखालचा मुस्तफा, रत्नागिरीकडचा, तोंडाळ माणूस. तो म्हणाला, "चाचा, पुढचं बंदर इथून चार हात लांब आहे. तिथवर काय तुफान येतंय? दिसतंय तर ताठ."

यूसुफचं बोट अजून त्या कडीतच होतं. मग त्याने हातमोजे काढले, मुस्तफाच्या हातात दिले, आणि सांगितलं की ही साखळी सोडून पुन्हा बांध, पुढच्या सगळ्या तूच बघ, मी येतो. कुठे जाताय, असं मुस्तफाने विचारेपर्यंत तो शिडीवर पोहोचला होता. एकोणीस वर्षांत काम अर्धं टाकून तो पहिल्यांदाच जहाजावरून उतरला.

गुरुवार म्हणजे दुकानं-कचेऱ्यांचा अर्धा दिवस. टॅक्सी मुरगाबला पोहोचली तेव्हा बारा वाजत आले होते. जिन्याखाली कुलूप. शेजारचा शिंपी म्हणाला की परकार आज लवकर गेला, काहीतरी नाजूक काम घरी नेलंय म्हणाला. यूसुफने तीच टॅक्सी हवल्लीला, उस्मानच्या घराकडे वळवली. वाटेत प्रत्येक सिग्नल लाल लागत होता, आणि तो मनात उस्मानचा हात बघत होता: दौत उघडली, टाक बुडवला, पान सरळ केलं. चौथ्या मजल्यापर्यंत लिफ्टची वाट बघायला तो थांबला नाही.

घरात दस्तरखान पसरलेला होता. उस्मानची बायको शरीफा भात वाढत होती.

"ये, हात धू, बस," उस्मान म्हणाला. "आज पापलेट आहे."

"पुस्तक कुठाय?"

उस्मानने हनुवटीने कपाट दाखवलं. कपाटावर पासपोर्ट उघडा पडला होता, पानावर काचेचं वजन. यूसुफने तो खाली काढला.

12.6.69.

"दोन घातला," उस्मान म्हणाला. "शाई सुकू दे म्हटलं. आठ जेवल्यावर."

यूसुफने पासपोर्ट मिटून छातीजवळच्या खिशात घातला. आठ नको, असं तो म्हणाला.

उस्मानचा घास हातातच राहिला. "डोकं फिरलं काय तुझं? बारा जून? हे आता धड खोटं पण नाय आणि धड खरं पण नाय. असलं अर्धं काम घेऊन कुठे जाणार तू?"

"वकिलातीत. शनिवारी."

शरीफाने पदर तोंडाला लावला. उस्मान उठून त्याच्यामागे जिन्यापर्यंत आला. त्याच्या बोटांना भात चिकटला होता. आवाज एकदम खाली आला होता. "यूसुफभाय, मला तीन पोरी आहेत."

"तुझं नाव निघणार नाय," यूसुफ म्हणाला. "करायला सांगितलं मी."

शुक्रवारी सगळ्या कचेऱ्या बंद. त्या घरात इतका लांब शुक्रवार कधी गेला नव्हता. यूसुफ जुम्म्याहून आला आणि पासपोर्ट पुढ्यात ठेवून बसला. बिल्कीसने सकाळभर तोंड उघडलं नव्हतं, आता उघडलं. उस्मानने आठ काढला असता तर पोरगा आज पोटभर जेवला असता, ती म्हणाली. आता तुमचाही पासपोर्ट जाणार आणि त्याचंही बोलावणं जाणार, आणि खरं बोललो म्हणून तुम्ही समाधानाने झोपणार. यूसुफ म्हणाला, नाय झोपणार. ती स्वयंपाकघरात गेली, भांडी आपटली, आणि भिजल्या हातांनी परत आली.

"पंचाहत्तर साली तारीख बदला म्हणून कोण म्हणालं होतं?"

त्याने पासपोर्ट बाजूला सरकवला.

"मी म्हटलं होतं. उस्मानभायने नंतर सांगितलं. मी आधी म्हटलं होतं." तिने हात पुसले. "उद्या मी पण येते."

शनिवार, सहा एप्रिल. बोलावण्याला सात दिवस राहिले होते. वकिलातीत पासपोर्टाच्या खोलीत प्रभा टिपणीस नावाच्या बाई बसत. पन्नाशीच्या, केस बारीक कापलेल्या, आणि मराठी ऐकून चेहरा न बदलणाऱ्या. यूसुफने सगळं उभ्यानेच सांगितलं. पंचाहत्तर सालचं प्रतिज्ञापत्र, शाळेची जागा, अकादमीचं पत्र. बाईंनी पान खिडकीकडे तिरकं धरलं.

"हे दोन नवं आहे."

"होय."

"कुणी काढलं?"

"माझ्या सांगण्यावरून काढलंय, बाई. हात दुसऱ्याचा. त्याचं नाव मी देणार नाय."

"नाव लपवलंत तर तेही तुमच्याच खात्यावर लागेल."

"लावा."

बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं. "तांडेल, आठही काढून तुम्ही गेला असतात तर कदाचित कुणाला दिसलंही नसतं."

"पोराला दिसलं असतं," यूसुफ म्हणाला.

बाईंनी ग्रामपंचायतीचा दाखला उचलला. तारखेवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या की हा गेल्या वर्षी काढलेला आहे. गावातून दाखला कुणी कधीही काढून आणतो. एकदा खोटं लिहून दिलेला माणूस दुसऱ्यांदा खरं बोलतोय, हे मी कशावरून मानू?

आपण बोललो की झालं, इतकंच यूसुफने धरलं होतं. आपल्या शब्दाला इथे काही वजन उरलेलं नाही हे त्याला त्या क्षणी पहिल्यांदा कळलं.

बिल्कीसने पर्स उघडली. आतून रुमालात बांधलेलं निळं हवाई पत्र काढलं आणि टेबलावर ठेवलं. ट्रंकेतून ते तिने कधी काढलं ते यूसुफला माहीत नव्हतं. घड्यांवर ते फाटायला आलं होतं. बाईंनी ते दोन बोटांनी उलगडलं आणि हळू आवाजात वाचलं.

"आज मंगळवार तारीख बारा, सकाळी आठाच्या सुमाराला मुलगा झाला. बिल्कीस बरी आहे. समुद्र अजून बंद आहे, होड्या वरच आहेत. तू काळजी करू नये. मुलाचं नाक आपल्या बाच्यावर गेलंय."

त्यांनी पत्र उलटलं. तिकिटावर श्रीवर्धन टपालाचा गोल शिक्का होता, आणि सोळा वर्षांनंतरही त्यातली तारीख वाचता येत होती: तेरा ऑगस्ट एकोणसत्तर. बाईंनी खणातून भिंग काढून तो शिक्का पुन्हा बघितला. मग पत्र, दाखला आणि पासपोर्ट घेऊन त्या वरच्या साहेबांकडे गेल्या.

दीड तास लागला. समोरच्या बाकावर दोघं बसून होती.

बाई परत आल्या आणि त्यांनी सगळं एका दमात सांगितलं. यूसुफचा पासपोर्ट जमा झाला. चौकशी होईल, किती महिने ते सांगता येणार नाही, दंड होऊ शकतो, आणखीही काही होऊ शकतं. तोवर त्याला कुवेतबाहेर जाता येणार नाही, आणि हे त्याने कंपनीत स्वतः जाऊन सांगायचं. मुलाचं नाव त्याच्या पुस्तकातून काढलं जाईल. आईने अर्ज दिला तर मुलाचा वेगळा पासपोर्ट निघेल, खऱ्या तारखेचा. शाळेच्या दाखल्यावरची तारीख बदलून घ्यायला एक पत्र मिळेल. बुधवारपर्यंत जमलं तर जमलं, वचन देता येत नाही.

"आणि जे सांगितलंत ते लिहून द्या. बाहेर टायपिस्ट बसतात, इंग्रजीत करून देतील."

"मराठीत चालेल का? माझ्या हाताने?"

"चालेल. पण वेळ कशाला घालवता?"

"मागच्या वेळी टाइपच केलं होतं," यूसुफ म्हणाला.

बाईंनी कोरा कागद पुढे सरकवला. त्याने लिहायला घेतलं. एकेक अक्षर तो सुटं काढत असे, वरची रेघ शेवटी. पाऊण तास लागला. मधे एकदा बाई जेवायला उठल्या, त्याच्या खांद्यावरून बघितलं आणि पुन्हा बसल्या.

कंपनीचा मॅनेजर पॅलेस्टिनी होता, अबू नबील. यूसुफने त्याला आपल्या मोडक्या अरबीत सगळं सांगितलं. त्याने मध्येच थांबवून एकच विचारलं: काम सोडून गुरुवारी जहाजावरून उतरलास, ते याच्यासाठी? मग त्याने अर्ध्या दिवसाचा पगार कापल्याची नोंद केली, पासपोर्टाचं पुढे बघू म्हणाला आणि हाताने जायला सांगितलं. हे बरं झालं की वाईट, ते यूसुफला कळलं नाही.

सोमवार गेला. मंगळवार गेला. दोन तिकिटं गुरुवारच्या विमानाची उधारीवर ठेवून घेतली होती, एक बिल्कीसचं, एक अशरफचं. अशरफला आता सगळं सांगितलं होतं. चौकटीला लोंबकळणं त्याने बंद केलं होतं. बूट पेटीत परत गेले होते.

बुधवारी बिल्कीस आणि अशरफ सकाळी आठला वकिलातीत जाऊन बसले. कचेरी एकला बंद होत होती. यूसुफ बंदरात होता. बारा वाजले, साडेबारा वाजले. त्याने एका साखळीच्या कड्या दोनदा तपासल्या आणि ते मुस्तफाने बघितलं, पण त्या दिवशी त्याने थट्टा केली नाही. दीडला बंदराच्या फाटकाबाहेर टॅक्सी थांबली. यूसुफने डेकवरून बघितलं. अशरफ खाली उतरला, त्याला वरचा बाप दिसला, आणि त्याने हात वर केला. हातात निळसर काळं नवंकोरं पुस्तक होतं.

जाण्याआधी अकादमीच्या बोलावण्याबरोबर आलेलं कार्ड भरायचं राहिलं होतं. त्यावर पालकाच्या नावापुढे यूसुफने पहिल्याच दिवशी आपलं नाव घातलं होतं. त्याने ते एका रेघेने खोडलं, शेजारी सही केली आणि खाली बिल्कीसचं लिहिलं. ती बघत होती. अफसरांच्या बाकावर मी काय बोलायचं, असं तिने विचारलं. हा प्रवास ती पहिल्यांदाच त्याच्याशिवाय करणार होती.

"बोलायचं कशाला," तो म्हणाला. "जेवायचं. आणि ताटात काय होतं ते मला कळवायचं."

शनिवारी, तेरा तारखेला, हिंदुस्थानात नऊ वाजतात तेव्हा कुवेतमध्ये साडेसहा वाजलेले असतात. यूसुफ सहापासून डेकवर होता. घड्याळ बघायचं नाही असं त्याने ठरवलं होतं, म्हणून मुस्तफा दर पाच मिनिटांनी आपलं बघून मोठ्याने सांगत होता. साडेसहा झाल्यावर त्यानेही घड्याळ बाहीत सरकवलं. आता तिकडे ते पुस्तक कुणाच्या तरी हातात असेल. आता कुणी अर्जाशी ताडून बघत असेल. शाळेच्या तारखेबद्दलचं वकिलातीचं पत्र त्यांनी मानलं नाही तर? जुन्या तारखेचं विचारलं तर? यूसुफला वाटलं, विचारूच दे. अशरफला काय सांगायचं ते आता माहीत आहे.

रविवारीही काही कळलं नाही.

सोमवारी दुपारी कंपनीचा ड्रायव्हर तार घेऊन जहाजाखाली आला. यूसुफ शिडी उतरून गेला. मजकूर मराठीत होता, अक्षरं इंग्रजी. तसली मोठी अक्षरं तो खोक्यांवर आयुष्यभर बघत आला होता. कुणाला वाचायला न देता त्याने ती एकेक जुळवली. बिल्कीसने शब्द हात आखडून घातले होते.

अशरफ आत. मी जेवले. डाळ पातळ.

त्याने पुन्हा एकदा वाचली. वरून मुस्तफाने कठड्यावर ओणवून विचारलं, चाचा, काय आलं, बरं आहे ना?

"डाळ पातळ होती म्हणे," यूसुफ म्हणाला, आणि तार सदऱ्याच्या खिशात घालून शिडी चढू लागला.